युवक महोत्सव : आपला प्रयोग झाला की लगेच गाडीत का बसायचं?

माळावरचे_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. सांस्कृतिक विभागही बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे कॉलेज उघडलं की डोक्यात युवक महोत्सव सुरू होतो. यंदाची तयारी चालू करण्याआधी एक गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. तुमचे अनुभवही हवे आहेत.

महोत्सवाची रचना इथे बहुतेकांना माहीत असेल. आधी महाविद्यालयातली निवड, काही विद्यापीठांत मग जिल्ह्याची फेरी, त्यानंतर विद्यापीठाचा केंद्रीय महोत्सव. तिथून निवडलेली मुलं राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य'ला जातात, जो २००३ साली राज्यपालांच्या पुढाकारातून सुरू झाला. भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभागीय महोत्सव आणि पुढचा राष्ट्रीय महोत्सव ही वाट वेगळी. संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य, ललित कला असे विभाग. ऐकायला भव्य वाटतं, आणि आहेही. पण वर जाणारी मुलं मोजकी. बाकी सगळ्यांचा महोत्सव म्हणजे त्यांचा स्वतःचा तेवढा एक प्रयोग. माईम असेल तर ५ मिनिटं, स्किट असेल तर १०, एकांकिका असेल तर अर्धा तास.

एवढ्यासाठी मुलं महिना-दीड महिना राबतात. तास बुडू नयेत म्हणून दुपारी ४ नंतर तालीम, शेवटची एसटी ५ची म्हणून पुन्हा घाई. मग तो दिवस येतो. प्रयोग होतो, रंग पुसला जातो, कपड्यांची पेटी गाडीच्या टपावर चढते आणि गाडी गावाकडे. शेजारच्या मंचावर त्या वेळी कोण काय करत होतं, हे आपल्या मुलांना कळतच नाही. बहुतेक संघांचं हेच चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्याला बक्षीस मिळणार नाही, आणि शंभरातल्या नव्वदांना ते मिळत नसतंच, त्याच्यासाठी महोत्सवातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे दुसऱ्यांचं बघणं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या माईमच्या गटात एक मुलगा होता. भिंत दाखवायची तर तळवा हवेत जिथे टेकला तिथेच राहिला पाहिजे, अंग हललं तरी तळवा हलायला नको. हे त्याला समजत होतं, अंगात उतरत नव्हतं. आमचा प्रयोग सकाळीच आटोपला आणि आम्ही थांबलो. दुपारी एका कॉलेजच्या मुलीनं गर्दीची बस उभी केली. वरचा दांडा धरलेला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तसं तिचं सगळं अंग पुढे फेकलं गेलं, गुडघे वाकले, मान झुकली, पण दांडा धरलेली मूठ तसूभर हलली नाही. आमचा मुलगा खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता आणि त्याची स्वतःची मूठ नकळत वर गेली होती. परतीच्या वाटेवर क्रूझरच्या दांड्याला धरून तो तेच करत राहिला, इतरांना करायला लावत राहिला. महिनाभर बोलून जे पोचत नाही ते त्या पाच मिनिटांत पोचलं.

आमचं विद्यापीठ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याचं ते आवार, चार जिल्ह्यांतून आलेली पोरं, एका मंचावर कव्वाली तर दुसरीकडे वासुदेव. पोवाडा, भारूड, गोंधळ, जलसा हे आमच्याकडे स्पर्धेचे प्रकार आहेत. शहरातल्या मुलानं गोंधळ पहिल्यांदा पाहिला तो इथे, आणि आमच्या मुलीनं पाश्चात्त्य समूहगान पहिल्यांदा ऐकलं तेही इथेच. हे सगळं समोर असताना गाडीत बसायचं?

आम्ही आता एक नियम केला आहे. प्रत्येकानं आपला नसलेला निदान एक कलाप्रकार पूर्ण बघायचा आणि वहीत पानभर लिहायचं. नावडलं तर का नावडलं तेही. तुमच्याकडे काय करता? आणि थांबणं शक्य होत नसेल तर अडचण नेमकी कुठे येते?

हलगी_तापवा

कोल्हापूरकडून रामराम, मास्तर. शंभर टक्के सहमत.

आमच्या शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे जिल्हा महोत्सव आधी होतात, मग मध्यवर्ती. यजमानपण वेगवेगळ्या महाविद्यालयांकडे जातं, आणि त्याचा एक मोठा फायदा कुणी बोलून दाखवत नाही. महोत्सव गावात आला की गाव बघायला येतं. लोकनृत्याला आणि लोकवाद्यवृंदाला मांडवाच्या कडेला उभं राहायला जागा नसते. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला हलगी कशी वाजते ते ठाऊक असतं, त्यामुळे पोरांचा कस लागतो.

मी लोकवाद्यवृंदात हलगीला होतो. चामड्याची हलगी गारठ्यात किंवा दमट हवेत उतरते, बोल बसके येतात. म्हणून वाजवण्याआधी ती शेकायची असते. आम्ही मंचामागे रद्दी पेटवून हलगी फिरवत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या संघातला एक मुलगा येऊन उभा राहिला. त्याच्याकडे फायबरच्या पानाची हलगी होती, तिला तापवावं लागत नाही. आम्ही दोन्ही एकापाठोपाठ एक वाजवून बघितल्या. फायबरचा आवाज टणक आणि लांब जाणारा, चामड्याचा भरीव. घुमकं आणि कैताळ ही वाद्यं सोबतीला असताना कुठली कुठे खुलते, यावर आमची तिथेच चर्चा रंगली. तो मुलगा आजही माझा दोस्त आहे. ही ओळख प्रयोगामुळे झाली नाही, प्रयोगानंतर थांबल्यामुळे झाली.

ऑक्टोबर_हीट

मी बीए तृतीय वर्षाला आहे. सर, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, पण आमची बाजूही मांडते.

महोत्सव बऱ्याचदा सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरमध्ये येतो. तेव्हाच सोयाबीन काढणीला आलेलं असतं. पाऊस कधीही येईल म्हणून घरात प्रत्येक हात लागतो. माझ्या गटातल्या दोघी काढणीच्या मजुरीवर जातात, त्यातूनच त्यांची परीक्षा फी भरली जाते. एक दिवस महोत्सव म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. मुक्काम म्हणजे दोन दिवसांची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांचं तर दसरा-दिवाळीनंतर काहीच सांगता येत नाही, आईवडील कारखान्याकडे निघाले की धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी घरी लागतं.

दुसरं म्हणजे जेवण. प्रयोग झाल्यावर थांबायचं तर रात्रीच्या जेवणाचं काय, हे कुणी आधी सांगत नाही. कुपनं संघाच्या संख्येवर मिळतात, पण आमच्यासोबत आलेले ढोलकीवाले काका त्या यादीत नसतात. मग आम्ही आमच्यातलंच वाटून खातो. मला थांबायचं असतं. तिसऱ्या मंचावर रात्री ८ला एकांकिका आहे हे माहीत असतं आणि ६ला गाडी सुटते.

माळावरचे_मास्तर

ऑक्टोबर_हीट, बाळा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मजुरीचा मुद्दा आम्हाला रोज दिसतो आणि बैठकीत मात्र तो कधीच येत नाही. आमच्याकडे भूमिका ठरवतानाच विचारतो की काढणी कुणाकडे कधी आहे. त्याप्रमाणे मुख्य भूमिकेला जोडीदार तयार ठेवतो, म्हणजे दोघंही संहिता पाठ करतात. तालमीचा दिवस हुकला म्हणून कुणाचं नाव कापायचं नाही हे प्राचार्यांच्या सहीनं ठरवून घेतलं. त्यानं सगळं सुटतं असं नाही. पण मूल आपणहून गळत नाही.

साथीदारांच्या जेवणाचं मात्र महाविद्यालयानं आधीच धरायला हवं. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांत साथसंगत करणाऱ्यांची संख्या वेगळी दिलेली असते. तीच पद्धत जेवणाच्या यादीला लावली तर ढोलकीवाले काका उपाशी राहणार नाहीत.

दोन_मुलींची_आई

मी प्राध्यापक नाही की कलाकार नाही. धाकटी मुलगी बीएस्सीला आहे, लोकनृत्यात असते. माझा सरांना एकच प्रश्न आहे. रात्री साडेनऊला संपणारी एकांकिका बघून गाडी निघाली तर मुली घरी पोचायला १ वाजणार. गावातल्या फाट्यावर उतरून पुढे वस्तीपर्यंत कोण सोडणार? आम्ही 'नको' म्हणतो ते कलेला नाही म्हणत. मुलीचा फोन लागत नाही ते दोन तास घरात कसे जातात ते आमचं आम्हाला ठाऊक.

तरी एक सांगते. मागच्या वर्षी तिच्या एका मॅडम स्वतः घरी येऊन गेल्या. मुक्काम कुठे आहे, मुलींच्या वसतिगृहात कुठल्या खोलीत, सोबत कोण आहे, परत कधी, सगळं कागदावर लिहून दिलं. तिच्या वडिलांनी त्याच दिवशी हो म्हटलं. मुलगी दोन दिवस राहून आली आणि पुढचा आठवडाभर आमच्या घरात दुसऱ्याच कुठल्या कॉलेजच्या रांगोळीचं वर्णन चालू होतं. चाळणीनं रंग कसा पाडतात, सावली कशी आणतात, चेहऱ्यावरचा उजेड आधी टाकायचा की नंतर. स्वतःच्या नाचाबद्दल ती एवढं बोलली नव्हती.

माळावरचे_मास्तर

ताई, तुम्ही म्हणता तो कागद म्हणजे अर्धं काम आहे. रात्री निघायचंच नाही, मुक्काम करायचा आणि उजेडात परतायचं, हेच खरं. लांबच्या संघांची राहण्याची सोय केंद्रीय महोत्सवात सहसा असते. नोंदणी करताना मुक्कामाच्या रकान्यात 'नाही' लिहून आपणच ती घालवतो, कारण दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचे तास असतात. मुली असतील तर सोबत मॅडम असल्याच पाहिजेत, आणि त्यांचा तो दिवस कर्तव्यरजेत धरलाच पाहिजे. बऱ्याच मॅडम स्वतःची रजा टाकून येतात, हे बाहेर कुणाला माहीत नसतं.

तिसरी_घंटा

मी नाट्यविभागाला अनेक ठिकाणी परीक्षक म्हणून बसतो. विद्यापीठांची नावं घेत नाही.

मास्तरांच्या मुद्द्याला माझ्या खुर्चीतून एक जोड देतो. मुलं थांबायला हवीत हे खरं, पण थांबून त्यांना परीक्षकांशी बोलायला मिळालं तर त्या थांबण्याला अर्थ येईल. आज होतं काय, दिवसभरात स्किटमागून स्किट बघायची, गुणपत्रिकेवर आकडे भरायचे, सही करायची आणि पाकीट बंद. मुलांच्या हाती पडतं ते 'तृतीय' नाहीतर काहीच नाही. का, ते कुणी सांगत नाही.

मी प्रत्येक प्रयोगाच्या वेळी गुणांच्या बाजूला दोन ओळी लिहितो. एक काय साधलं त्याची, एक काय अडलं त्याची. त्या ओळी नसतील तर तिसऱ्या तासाला सगळी स्किटं एकमेकांत मिसळतात, हे कुठलाही प्रामाणिक परीक्षक कबूल करेल. निकालानंतर एका कलाप्रकारासाठी तासभर बसलो तर त्या वहीवरून प्रत्येक संघाशी बोलता येतं. निकालाआधी मात्र बोलू नये. त्यातून शंका निघतात आणि मुलांचं लक्ष गुणांवरच राहतं.

आणि बोलायला खूप असतं. दहापैकी सात स्किटांचा शेवट एकच. सहाही जण एका रांगेत येतात, प्रेक्षकांकडे तोंड करतात आणि संदेश देतात. शेतकरी आत्महत्या असो, स्त्रीभ्रूणहत्या असो, मोबाइल असो. विषयाबद्दल मुलांना खरीच कळकळ असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण जे प्रसंगातून आधीच पोचलंय ते पुन्हा भाषणात सांगितलं की प्रेक्षक सुटतो. हे त्यांना समोर बसवून, त्यांच्याच प्रयोगातली ती जागा दाखवून सांगावं लागतं. रेकॉर्ड केलेल्या संगीताचंही तसंच. रडण्याच्या जागी व्हायोलिन सुरू झालं की नट रडायचं काम त्या व्हायोलिनवर सोपवतो.

भरतच्या_पायऱ्यांवरून

तिसरी_घंटा यांच्याशी सहमत, आणि पुण्याचा संदर्भ जोडतो. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा विद्यापीठाची नाही, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेते. पण स्पर्धा महाविद्यालयांचीच. तिथे बघण्याची सवय आपोआप लागते, कारण सगळं भरत नाट्य मंदिरात एकाच मंचावर होतं आणि बाल्कनीत बसून दुसऱ्या कॉलेजच्या एकांकिका बघणं हा तिथल्या मुलांच्या वर्षाचाच भाग असतो. 'आव्वाज कुणाचा' बाहेर घुमतं, आत मात्र प्रयोगाला शांतता.

२०२२ साली महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला. केवढी चर्चा झाली तेव्हा! काहींना तो मुलांवर अन्याय वाटला, काहींना दर्जाचा आग्रह. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की निर्णयामागची कारणं उघडपणे बोलली गेली, आणि विद्यार्थ्यांनीही आपलं म्हणणं उघडपणे मांडलं. विद्यापीठांच्या महोत्सवात इतका मोठा निर्णय सोडा, साधा क्रमांक का बदलला हेही कळत नाही.

नमुना_क्रमांक

नाचगाण्यातून जरा बाजूला नेते, कारण हाच प्रश्न 'आविष्कार'मध्येही आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : राज्यातल्या विद्यापीठांचं हे संशोधन संमेलन २००६ पासून होतं. मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट, आणि पदवी, पदव्युत्तर, संशोधक असे स्तर. आधी पोस्टर, त्यातून निवड झाली की मंचावर सादरीकरण.

आता पोस्टरचा दिवस बघा. विद्यार्थी सकाळी पोस्टर लावतो आणि त्याच्या शेजारी उभा राहतो. परीक्षक केव्हा येतील माहीत नसतं, म्हणून जागा सोडत नाही. ते येतात, काही मिनिटं विचारतात, जातात. दिवस संपतो. दीडशे पोस्टरं लागलेल्या सभागृहात त्यानं स्वतःचं एकच पाहिलेलं असतं, आणि ते तर त्याला पाठच आहे.

आम्ही पदवीला असताना आमच्या मॅडमनी जोड्या केल्या. एकीनं पोस्टरजवळ थांबायचं, दुसरीनं फिरायचं, अर्ध्या तासानं बदल. आमचा विषय गावातल्या बोअरच्या पाण्यातले क्षार असा होता. फिरताना मला कृषी गटातल्या एका मुलाचं पोस्टर दिसलं. त्यानं एकाच शेतातली माती वेगवेगळ्या खोलीवरून आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी तपासली होती. मी त्याला विचारत होते, तोच त्यानं उलट मला विचारलं, 'तुमचे पाण्याचे नमुने कुठल्या महिन्यातले?' उन्हाळ्यात पातळी खाली गेली की क्षारांचं प्रमाण सहसा वाढतं, पाऊस मुरला की पाणी सौम्य होतं. आमच्या प्रकल्पाचं पुढचं वर्ष त्या प्रश्नानं ठरवलं. त्याच विहिरी, तेच बोअर, पण मे आणि नोव्हेंबर. मी आज पीएचडी करतेय ती भूजलावरच.

तो प्रश्न परीक्षकांनी विचारला नव्हता, शेजारच्या पोस्टरवाल्यानं विचारला होता.

श्रेयांक_आणि_मी

वाणिज्य शाखेत शिकवते आणि कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचं काम बघते. इथे एक वाट दिसतेय ती सांगते.

राज्याच्या एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत सहअभ्यासक्रमासाठी ८ श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, योग, क्रीडा यांच्यासोबत सांस्कृतिक उपक्रम आणि कला त्यात येतात. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात १ श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणजे २ श्रेयांकांसाठी ६० तास लागतात. तालमीचे तास सहज एवढे होतात, फक्त कुणी नोंद ठेवत नाही. मास्तरांची ती पानभर लिहायची वहीही मूल्यमापनात धरता येईल. बघणं हे काम आहे असं एकदा कागदावर आलं की प्राचार्यांना मुक्कामाची परवानगी द्यायलाही आधार मिळतो.

सध्या बऱ्याच ठिकाणी या श्रेयांकांसाठी काय चालतं? एक पीडीएफ, शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. मुलीनं नृत्याबद्दलचे वीस प्रश्न सोडवायचे आणि नाचायचं मात्र नाही.

हलगी_तापवा

श्रेयांक मॅडम, हेतू चांगला आहे, पण मला भीती वाटते. आज आमची पोरं आवडीनं थांबतात. उद्या वहीला गुण लागले की वह्या एकमेकांच्या उतरवल्या जातील. ज्याला बघायचंच नाही तो मागच्या रांगेत मोबाइलवर बसेल आणि सहीसाठी येईल. सवलतीचे १० गुण मिळतात म्हणून शेवटच्या आठवड्यात संघात नाव घाला म्हणणारी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात, मास्तरांना विचारा.

श्रेयांक_आणि_मी

भीती रास्त आहे. तरी मी नोंदीच्याच बाजूनं राहीन, आणि त्याचं कारण वर ऑक्टोबर_हीटनं लिहिलंय. ज्या घरात एका दिवसाच्या मजुरीचा हिशोब असतो, तिथे 'आवडीनं थांब' एवढं म्हणून भागत नाही. घरी सांगायला तिच्या हातात काहीतरी हवं. हा दिवस पदवीत धरला जातो, असं तिला बापाला सांगता आलं पाहिजे. उतारे टाळायचे तर वही तपासताना दोन मिनिटं तोंडी विचारा. बघितलेला मुलगा बोलतो, न बघितलेला गप्प बसतो. लगेच कळतं.

पवई_ते_परळ

मुंबईकडून थोडं. इथे महाविद्यालयीन महोत्सवांची तऱ्हा वेगळी. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो १९७१ पासून, झेवियर्सचं मल्हार १९७९ पासून, आणि पवईचाच टेकफेस्ट १९९८ पासून. हे सगळं विद्यार्थी स्वतः उभं करतात. प्रायोजक शोधण्यापासून प्रवेशद्वारावरच्या रांगेपर्यंत. मी अशा एका महोत्सवात मंचव्यवस्थेला होतो आणि स्पर्धक असताना कधी दिसलं नव्हतं एवढं त्या तीन दिवसांत पाहिलं. विंगेत उभं राहून, दर दहा मिनिटांनी वेगळा संघ.

म्हणून सुचवतो, विद्यापीठाच्या महोत्सवात बाहेरगावच्या संघातल्या मुलांनाही मंचाची कामं द्या. वेळ मोजणं, माईक लावणं, पुढच्या संघाला बोलावणं. काम असलं की मूल थांबतं आणि त्याच्या जेवणाचा प्रश्नही यजमानांच्या यादीत सुटतो. आज ही सगळी कामं यजमान महाविद्यालयाची मुलंच करतात आणि इतर नुसते पाहुणे राहतात.

माळावरचे_मास्तर

पवई_ते_परळ, हे फार उपयोगाचं बोललात. विद्यार्थी विकास विभागाकडे पत्र द्यायचं ठरवलंय, त्यात हा मुद्दा घालतो. तिसरी_घंटा यांचा निकालानंतरचा तासही घालतो. वेळापत्रकात तो छापलेला असला तरच संघ थांबतील, नाहीतर निकाल लागला की मैदान रिकामं.

आविष्कारच्या जोड्यांची पद्धत आमच्या विज्ञान शाखेला आजच सांगितली. आणि नाटकाच्या मुलांनी पोस्टरं बघायला जावं, विज्ञानाच्या मुलांनी एकांकिका बघायला यावं, असंही करून बघणार आहे. आमच्या भारुडाच्या गटात एक मुलगी आहे, तिनं हुंड्यावरचं भारूड लिहिलंय. समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी त्याच विषयावर तालुक्यातल्या घरांत जाऊन मुलाखती घेतेय. दोघी एकाच इमारतीत शिकतात आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. आता मुलाखतीत ऐकलेली बोलण्याची ढब भारुडात आली आहे, आणि दुसरीच्या प्रबंधाला नवे प्रश्न मिळालेत.

ऑक्टोबर_हीट

सगळ्यांचं वाचून धीर आला. एक शंका आहे. सहा-सात मंच एकाच वेळी चालू असतात. काय बघायचं ते कसं ठरवायचं? आम्ही फिरत राहतो आणि कुठलंच धड बघून होत नाही. तिसरी_घंटा सर, तुम्ही सांगाल का?

तिसरी_घंटा

सांगतो की. फिरू नकोस. एका मंचासमोर बस आणि एकाच प्रकाराचे लागोपाठ पाच-सहा प्रयोग बघ. पहिल्या दोनांत काही कळणार नाही. तिसऱ्यापासून फरक दिसायला लागतो. एकाचा आवाज मागपर्यंत का येतो आणि दुसरा ओरडूनही का पोचत नाही, कोण वाक्य संपायच्या आधी श्वास घेतो, कोण समोरच्याचं बोलणं खरंच ऐकतो आणि कोण फक्त स्वतःच्या वाक्याची वाट बघतो. त्यातला एखादा प्रयोग कच्चा असेल तर उठून जाऊ नकोस. कच्च्या प्रयोगात शिवण दिसते, चांगल्यात ती लपलेली असते.

लोकनृत्य असेल तर मधल्यांकडे बघू नकोस, कडेच्या दोघांकडे बघ. संघाची तालीम किती झाली आहे ते तिथे कळतं. वादविवाद असेल तर खंडनाची वेळ चुकवू नकोस, पाठांतर तिथे संपतं. आणि शक्य झालं तर प्रयोगानंतर त्या संघातल्या एकाला गाठून एकच प्रश्न विचार, 'ही जागा तुम्ही कशी बसवलीत?' मुलं फार मोकळेपणानं सांगतात. मी आजही विचारतो.

ऑक्टोबर_हीट

हो सर, नक्की. आमच्या गटाला पाठवते हे. यंदा मुक्कामाच्या रकान्यात 'हो' लिहायला सांगितलंय मॅडमना, आणि संघाच्या यादीत ढोलकीवाल्या काकांचंही नाव टाकलंय.